बॅरिटोनवाले काका

"चाल काय, कोणीही गातो. भोकं बुजवणारा पाहिजे," असं म्हणत काका माझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. इकडे परदेशात, वेस्टमीडच्या आमच्या कोरसमध्ये माझ्याखेरीज मराठी बोलणारे ते एकटेच. मूळचे वसईचे, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी, आणि दर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये गाणं.

आमचं गाणं बार्बरशॉप पद्धतीचं. वाद्य एकही नाही, चार तऱ्हेचे आवाज एकमेकांवर रचायचे. लीड चाल गातो, टेनर त्याच्या वर, बेस तळाशी, आणि उरलेसुरले सूर बॅरिटोनच्या वाट्याला. काका बॅरिटोन. उरल्यासुरल्या सुरांना चाल ती कसली असणार, तुम्हीच सांगा. ते घरी रियाज करू लागले की काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "हे गाणं आहे, की सिंकमध्ये काही अडकलंय?" इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं एकही गाणं ओळखता आलं नाही, ही त्यांची तक्रार. काकांना त्याचा अभिमानच वाटे.

चौघांचं आमचं एक क्वार्टेटही होतं. मी बेस, टेनर एक मल्याळी नर्सदादा, आणि लीड रॉब, निवृत्त प्लंबर. रॉब जरा घसरला की काका बोट वर करत. "तू फक्त चाल सांभाळ, मेट," असं त्याला इथल्या दोस्तीच्या भाषेत ऐकवत, आणि सहा फुटी रॉब शाळकरी पोरासारखा मान हलवी. हॉलमधल्या चहाला काका नावं ठेवत आणि दुसरा कप घ्यायला पहिले उठत.

मग त्यांना ऐकू कमी येऊ लागलं. कानाला यंत्र आलं. बोलणं त्यातून समजे, पण चार आवाज एकत्र आले की नुसता पत्रा वाजतो, म्हणायचे. म्हणून गाताना ते यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवत. पहिला सूर मी त्यांच्या कानाशी गुणगुणायचो, पुढचं खांद्याच्या स्पर्शावर निभावायचं. "रॉबला सांगू नकोस हं," ते एकदा म्हणाले. "क्वार्टेट सुटलं की मी नुसता लॅबवाला." रॉबला केव्हाच कळलं होतं, पण तोही कुठे काही बोलत होता?

वार्षिक कार्यक्रमात आमच्यामध्ये माइक आले, त्यामुळे आम्ही जरा लांब लांब उभे होतो, खांद्याला खांदा लागत नव्हता. गाणं छान झालं. शेवटचा सूर सगळ्यांनी धरायचा आणि रॉबने मूठ मिटली की एकदम थांबायचं, ही रीत. काका नेहमीप्रमाणे शेवटाला डोळे मिटून उभे. रॉबची मूठ मिटली, आम्ही तिघं थांबलो. काका गातच राहिले.

भरल्या हॉलमध्ये एकटा बॅरिटोन. पुढच्या रांगेत काकूंचा हात तोंडावर गेला. रॉबने आमच्याकडे एकवार पाहिलं, श्वास घेतला आणि आपला सूर पुन्हा धरला. मागोमाग आम्हीही शिरलो. मग मी सरकून काकांच्या कोपराला हात लावला आणि चौघं मिळून थांबलो. टाळ्या जोरात पडल्या. लोकांना वाटलं, आम्ही मुद्दामच तसं बसवलंय.

कार पार्कमध्ये काकांनी यंत्र कानात घातलं.

"मध्ये तुम्ही थांबला होतात ना?"

मी काहीतरी थाप मारणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "आणि परत आलात. छातीत घुमलं, तेव्हा कळलं मला. आता दुसरा कोणी बघा, बाबा."

मला रडू आलं. त्यांनीच माझी पाठ थोपटली आणि काकूंनी गाडीचं दार उघडलं.

काका आता मंगळवारी येत नाहीत. घरीही गात नाहीत, असं काकू सांगतात, आणि सांगताना त्यांना हसता येत नाही. नवा बॅरिटोन पक्क्या सुराचा आहे. रॉबची मूठ मिटली की तो बरोबर थांबतो. रॉब थांबत नाही, आम्ही दोघंही नाही. "तुम्ही तिघं दर वेळी लेट," असं तो बिचारा कुरकुरतो. "सॉरी, मेट," रॉब म्हणतो, आणि पुढच्या मंगळवारी आम्ही पुन्हा उशिराच थांबतो.