महादेवीबाईंनी माफ केलेली चूक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरीही नाही. महादेवीबाईंच्या नवऱ्याच्या वतीने मी जे अपील दाखल केलं, ते चालणार नाही हे मला दाखल करण्याआधीच ठाऊक होतं. सोलापूरच्या कोर्टात सगळे समजतात की माझी चूक झाली. महादेवीबाईही तसंच समजतात. म्हणून आधी त्या बाई कशा आहेत ते सांगतो. माझ्याबद्दल मग काय वाटायचं ते वाटू दे.

कौटुंबिक न्यायालयात नावाचा पुकारा झाला की पक्षकार पदर, पिशव्या सावरत आत धावतात. महादेवीबाई बाहेरच्या बाकावरूनच ओरडायच्या, "हाय की! हितंच हाय. जाऊ कुटं?"

शिपाई चिडायचा. "बाई, आत येऊन सांगा."

"यायलेय की. नवरीला बोलवायलास का, एवढी घाई?"

माहेर अक्कलकोटकडचं, घरात कन्नड. राग आला की आधी कन्नडमध्ये सुटायच्या. समोरच्याला कळलं नाही असं दिसलं की थांबून, सावकाश, त्याचं मराठी करून सांगायच्या. शिवी वाया गेलेली त्यांना खपत नसे. आणि प्रत्येकाला त्याच्या मापाची मिळायची. नवरा शिवानंद शुक्रवार पेठेतल्या आपल्या दुकानातून इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, तर त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "नवा शर्ट घालून गरिबी सांगायला आलाय बगा." एकदा न्यायाधीशांनाच विचारलं, "साहेब, ही तारीक द्यायलाव, ती भाजून खायची का शिजवून?" न्यायाधीश हसले आणि पुढची तारीख दिली.

शिवानंदने त्यांना आणि मुलीला घराबाहेर काढलं होतं. भाड्याच्या एका खोलीत त्या कडक भाकऱ्या करून दुकानांना द्यायच्या. कोर्टात येताना फडक्यात चार भाकऱ्या आणि शेंगाचटणी असायची. दुपारी बाकावर फडकं सोडलं की शेजारी जो असेल त्याला द्यायच्या. मी उलट बाजूचा वकील, तरी मलाही. "खावा. भांडायला ताकद लागती."

पोटगीचा हुकूम त्यांच्या बाजूने झाला. आता माझं काम सांगतो. पोटगीच्या हुकमाला आव्हान द्यायचं तर हुकूम कोणत्या कायद्याखाली झाला ते आधी बघायचं, हे नव्या वकिलालाही शिकवतात. घटस्फोटाच्या निकालात कायमची पोटगी ठरली, तर उच्च न्यायालयात अपील. पण बायकोमुलांच्या निर्वाहासाठी फौजदारी प्रक्रियेच्या एकशे पंचवीस कलमाखाली हुकूम झाला असेल, तर त्यावर अपीलच नाही. तिथे फक्त पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आमच्या भाषेत रिव्हिजन. महादेवीबाईंचा हुकूम एकशे पंचविसाखालचा होता. पहिल्याच पानावर लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं.

शिवानंद माझ्या ऑफिसात बसला होता. "साहेब, देणार न्हाय असं म्हणतच न्हाय मी. पण लगेच नको. तिला जरा कळू दे."

मी म्हणालो, "रिव्हिजन टाकली तर पहिल्याच तारखेला आधी पैसे भरा म्हणतील."

"मग दुसरं काय तर टाका की. तुमी वकील हाव का मी?"

मी टाकलं. अपील. आमच्या बाररूममध्ये याला कुणी खोटं म्हणत नाही. 'वेळ काढला' म्हणतात आणि चहा मागवतात. मीही मागवला होता. तो चहा आठवला की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तेव्हा आमचं वरचं कोर्ट, म्हणजे उच्च न्यायालय, मुंबईत; कोल्हापूरचं खंडपीठ अलीकडचं. मुंबईच्या कार्यालयाने हरकत काढली की हे अपील कसं चालतं ते दाखवा. मी ती हरकत तशीच पडू दिली. इकडे सोलापुरात महादेवीबाईंचा वसुलीचा अर्ज निघाला की मी उभा राहायचो, "वर अपील दाखल आहे, स्थगितीची विनंती केलेली आहे." शब्दन् शब्द खरा. त्यांना सरकारी मदतीतून मिळालेला वकील बगलेत फायलींचा गठ्ठा घेऊन पळत असायचा. कसलं अपील, हे त्याने कधी विचारलं नाही. न विचारणाऱ्यांच्या जिवावर आमची किती घरं चालतात, हे बोलायला नको.

शारदा, त्यांची मुलगी, तेव्हा बारावी पास झाली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. नंबर लागला होता. एका तारखेला महादेवीबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी आवाज चढलेला नव्हता.

"साहेब, ते तुमचं वरचं कवा संपतंय? पोरीची फी भरायची हाय. ह्या म्हैन्यात न्हाय भरली तर जागा जाती."

मी म्हणालो, "वरचं कोर्ट आहे बाई. आपल्या हातात काय असतं?"

हातात सगळं होतं. एक अर्ज करून ते अपील मी दुसऱ्या दिवशी मागे घेऊ शकलो असतो.

जागा गेली. वैरागच्या मामाने स्थळ आणलं. पुढच्या तारखेला बाईंनी माझ्या हातात लग्नाची पत्रिका दिली. "त्यांना द्या. बाप हाय तिचा. आला न्हाय तर न्हाय, पण सांगितलं न्हाय म्हणायला नको." मी पत्रिका शिवानंदला दिली. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "लगीन झालं म्हणजे पोरीची पोटगी बंद होती न्हवं?"

मी त्याला हाकलून दिलं नाही. "होते," म्हणालो.

पुढे उच्च न्यायालयाने विचारलंच, की हे अपील चालतं कसं. मी अपील मागे घेतलं आणि रिव्हिजन दाखल केली. त्याला उशीर झाला होता. पण चुकीच्या दाराशी प्रामाणिकपणे वेळ गेला असेल, तर कायदा तो उशीर माफ करतो. तसं प्रतिज्ञापत्र मी केलं, की माझ्या समजुतीच्या चुकीने, सद्भावनेने हे घडलं. सोलापुरातही भर कोर्टात सांगितलं, "चूक माझी आहे, अशिलाची नाही." न्यायाधीश म्हणाले, इतका मोकळेपणा हल्ली दिसत नाही.

बाहेर आलो तर महादेवीबाई वाटेत उभ्या. आता कन्नड सुरू होणार, मग मराठी, म्हणून मी मान खाली घालून थांबलो. त्या म्हणाल्या, "साहेब, माजं चुकलं असं हितं आजपतुर कुणी म्हटलं न्हाय. माज्या नवऱ्यानं जन्मात म्हटलं न्हाय. तुमी म्हटलाव. माणूस चुकतंय की. जाऊ द्या." आणि फडक्यातल्या दोन भाकऱ्या कागदात गुंडाळून मला दिल्या.

मी त्या घेतल्या. गाडीत बसून खाल्ल्या. भूक लागली होती.

रिव्हिजन लवकरच फेटाळली गेली, हुकूम कायम झाला, वसुली झाली. पैसे हातात पडले तेव्हा बाई कारकुनाला म्हणाल्या, "पैसं आलं. पोरगी गेली की ओ." कारकुनाने सही कुठे करायची ते दाखवलं.

त्या पैशांतून त्यांनी टेंभुर्णीला जागा घेतली. हायवेच्या ढाब्यांना आता त्यांच्या भाकऱ्या जातात, हाताखाली बायका आहेत. मध्यंतरी कामासाठी तिकडे गेलो होतो, तर रस्त्यापलीकडूनच हाक आली, "ओ वकीलसाहेब! आमच्या दारावरनं तसंच जायलाव?" शारदा माहेरी आली होती. दोन लेकरं, एक कडेवर. बाई तिला म्हणाल्या, "हेच ते. भर कोर्टात माजं चुकलं म्हणणारे." शारदाने लेकरू खाली ठेवलं आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत. तोंडातून आशीर्वादही निघाला.

शिवानंदला शिव्या मिळाल्या, शिपायाला मिळाल्या, न्यायाधीशांनाही सुटका नव्हती. त्या सगळ्या गोंधळात ज्याने सर्वांत जास्त घेतलं, त्याला भाकरी मिळाली. या बाईंच्या चांगुलपणाचा मला कधीकधी संताप येतो. मग कळतं की तोही माझ्यावरचाच आहे.

शारदाचं शिक्षण मी आता परत देऊ शकत नाही. मी देणं लागतो ते एवढं: टेंभुर्णीला जाऊन त्या दोघींना सांगणं की ती चूक नव्हती, आणि त्यानंतर त्या जे बोलतील ते दोन्ही भाषांत, शेवटपर्यंत, उभं राहून ऐकणं.