चूल सोडायची नाही

कुंभकोणमात मीनाक्षीबाईंचं नाव निघतं ते कुणाच्या तरी श्राद्धालाच. ज्या मराठी घरांत सोवळ्यात शिजवणारं कुणी उरलं नाही, त्यांना त्या श्राद्धाचा स्वयंपाक करून देतात. निदान दारावरच्या पाटीवर तसं लिहिलंय. शिजवते खरी त्यांची सून रम्या. गणितात एम.एस्सी. होऊन ती या घरात आली, आणि पहिल्याच आठवड्यात बाईंनी तिच्या हाती पळी देऊन स्वतः खुर्ची धरली. गुडघे दुखतात म्हणे. बाजारात जाताना ते गुडघे कधी दुखल्याचं कुणी पाहिलं नाही.

यंदा रम्याला तंजावरच्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली. पोरीला आनंदानं रडूच कोसळलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "जा की. नको कोण म्हणतें? तुझें काम करणारी एक आणून दे, मग जा." नवरा उमेश पेपरामागून "शरी" म्हणाला. म्हणजे ठीक. आईपुढे त्याच्या तोंडून याहून मोठा शब्द कधी निघालेला नाही.

उमेशनं समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'स्वयंपाकाला बाई पाहिजे' एवढंच टाकलं. आल्या त्या इडली-डोशाच्या कामाला आल्या होत्या. ओल्या लुगड्यानं चुलीपुढे उभं राहायचं म्हटल्यावर कॉफीही न घेता गेल्या.

मग रम्यानं स्वतः बसून नीट लिहिलं. पहाटे न्हाऊन ओल्या लुगड्यानं चुलीशी उभं राहावं लागेल. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत काहीही चाखता येणार नाही. मीठ हाताच्या अंदाजानं घालावं लागेल. आपली घरची मराठी बोलता यावी. आणि एकदा चूल पेटली की पानं वाढेपर्यंत चूल सोडायची नाही. पगार, सुट्ट्या, बसचं भाडं, सगळं स्पष्ट लिहिलं. आपण काय काम करतो हे तिला असं पहिल्यांदाच दिसलं, आणि वाचता वाचता तिला स्वतःचीच कीव आली. बाईंनी मात्र ते दोनदा वाचून घेतलं. "बरें लिहिलेंस," म्हणाल्या.

ते वाचून इन्नंबूरहून शिवकामी आली. विधवा, कमी बोलणारी, असली कामं आधी केलेली. "सगळें कळलें मला. जमेल," एवढंच ती म्हणाली. चंद्रमौळी नावाच्या एका यजमानांच्या वडिलांचं श्राद्ध बाईंच्याच घरी व्हायचं होतं, त्यात तिची परीक्षा ठरली. ती त्यात उतरली तर रम्या सुटली.

त्या दिवशी शिवकामीचा हात कुठंच अडला नाही. वडे तळून झाले, खीर झाली, कढीला उकळी आली. रम्या दारातून बघत होती. सुटकेचा आनंद तिला कुठं ठेवू नि कुठं नको झाला होता. न राहवून तिनं हाक मारली, "अक्का, जरा या. तीळ-गूळ कोठें ठेवतों, दाखवते. उद्यांपासून तुमचेंच सगळें." शिवकामी कोठीच्या खोलीत आली. रम्यानं कोठीची किल्ली तिच्या हातात दिली. दोघी परतल्या, तेव्हा बाई चुलीशी उभ्या होत्या आणि मिठाच्या बरणीचं झाकण लावत होत्या.

रम्यानं कढीत पळी घातली. पण चाखून बघायची सोय नव्हती.

श्राद्धाच्या पानावर ब्राह्मण बरं-वाईट बोलत नाहीत. त्यांनी पुन्हा पुन्हा पाणी मागून कढी संपवली. ते गेल्यावर यजमानांच्या घरचे पानावर बसले, आणि पहिल्याच घासाला चंद्रमौळी ओरडले, "कुणीं केली ही कढी? मीठ की विष?"

शिवकामीचा चेहरा उतरला. रम्यानं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सासूच्या डोळ्याला डोळा दिला.

"अम्मा, मीठ तुम्हीं टाकलें. मी पाहिलें."

"टाकलें," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, थंड. "तिनें चूल कां सोडली? तूंच लिहिलें होतेंस, चूल सोडायची नाही म्हणून. जिला एवढें पाळवत नाही, ती काय कामाची?"

"अम्मा, पोदुं," उमेश पुटपुटला. पुरे, एवढाच त्याचा अर्थ. पण तो आईशेजारून हलला नाही.

शिवकामीनं बाईंकडे पाहिलंच नाही. तिनं रम्याकडे पाहिलं. "मला हाक तूंच मारलीस नां?" एवढं विचारून तिनं किल्ली ओट्यावर ठेवली, पिशवी उचलली आणि निघून गेली. रम्याला तिच्यामागे धावावंसं वाटलं. पाय उचलला नाही.

बाहेर माणसं हात वाळवत बसली होती. "दुसरी कढी लाव," बाई म्हणाल्या. रम्यानं चूल पेटवली. ताक उकळू लागलं तेव्हा तिनं मूठभर मीठ घेतलं. सगळी मूठ ओतावी, पातेलं नासवावं, या घराचं नाव गावभर नासवावं, असं तिच्या मनात आलं. तरी नेहमीएवढं मीठ पडलं आणि मूठ आपोआप मिटली.

कढी झकास झाली. उमेशनं दोनदा वाढून घेतली.