उजव्या नाकपुडीची नथ

मी उजव्या नाकपुडीची नथ तयार केली. नथ डाव्या बाजूला घालतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी तर कॉम्प्युटरचा क्लास चालवतो.

नथ होती माझ्या बायकोच्या काकूंची. काकांनीच घडवलेली, काकूंनी जन्मभर मिरवलेली, आणि त्या गेल्या त्या धावपळीत कुठंतरी पडून हरवलेली. काकांइतका संशयी सोनार गेवराईत दुसरा झाला नाही. स्वतः घडवलेलं सोनंही ते पुन्हा कसोटीवर घासून बघत. चहात साखर आहे, हे कप रिकामा झाल्यावर कबूल करत. डॉक्टर म्हणाला, "तुमचा हात थरथरतो," तर यांनी डॉक्टरचाच हात धरून पाहिला. काकू गेल्यावर मात्र साखरेचा वादही सुटला. समोर येईल तो चहा मुकाट पितात.

हात थरथरतच राहिला. तारेत मोती ओवला जाईना. दुकान ठेवायचं की कायमचं शटर ओढायचं, एवढंच ठरायचं उरलं. मी म्हणालो, आता दागिना कॉम्प्युटरवर काढतात, त्यावरून मेणाचा नमुना छापून मिळतो, त्याच्या साच्यात सोनं ओततात; हात थरथरला तरी चालतं. तीन सॉफ्टवेअर चाचणीपुरती आणून दाखवली. काकांनी ती स्थळं बघावीत तशी पाहिली. पहिलं लाईट गेली की केलेलं सगळं विसरायचं, नापास. दुसरं सारखं इंटरनेट मागायचं. "लई मागणारं हाय, नको." तिसरं त्यांनी दोनदा बंद करून पुन्हा उघडायला लावलं. मग म्हणाले, "हिची नथ काढून दावा. जमली तर दुकान ठिवतो."

काकूंचा जवळून असा एकच फोटो होता, त्यांनी स्वतःच मोबाईलवर काढलेला. असल्या फोटोत डावं-उजवं उलटं येतं, हे मी क्लासात प्रत्येक बॅचला शिकवतो. त्याच फोटोवरून मी एकेक मोती बसवला.

मेणाची नथ छापून आली. काकांनी ती पुतणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या नाकाला लावून पाहिली. मोती आत वळले, पाठ बाहेर आली.

"काका, उलटी झाली की ओ," बायको म्हणाली. मी स्क्रीन पुसायला घेतली.

काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "आरशात ती सवताला अशीच दिसत आसंल," हळूच म्हणाले. त्यांनी नथ कापसात गुंडाळली आणि डबीत ठेवली.

न राहवून मी विचारलं, "मग काका, सॉफ्टवेअरचं काय करायचं?"

"ते ऱ्हाऊ द्या, त्यात खोट न्हाई," डोळे पुसत काका म्हणाले. "जावई तेवढा बदलून मिळतो का बघा."