कॉम्प्युटरचं कॅपिटल रिपेअर

२९ एप्रिल १९९३. काम: नववी ब-चे चव्वेचाळीस निकाल छापणे.

साडेनऊपर्यंत सहा छापून झाले होते. शाळेत निकाल हातानं लिहायची पद्धत. यंदा माझ्या वर्गाचे घरच्या कॉम्प्युटरवर छापू द्या म्हणून मी मोठ्या बाईंच्या महिनाभर मागे लागले होते. शेवटी त्या त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "छाप लीजिए. लेकिन तीस तारीख को नौ बजे मेरी टेबल पर नहीं आए, तो यह खेल यहीं खत्म." गुणांचं रजिस्टर शाळेत जमा झालेलं. घरी गुण होते ते फक्त कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये. फ्लॉपीवर उतरवून ठेवायला हवे होते. ठेवले नव्हते.

त्या दिवशी यांचा रेस्ट होता. यांच्या पोलादाच्या प्लांटमध्ये रेस्ट म्हणजे आठवड्याची सुट्टी. आमच्या घरी चालू असलेली वस्तू उघडण्याचा दिवस. कूलरचा पंप आणि मिक्सर आधीच होऊन गेले होते. हे बाहेरून आले ते प्लांटच्या इन्स्ट्रुमेंटेशन खात्यातल्या भाऊजींना सोबत घेऊनच. भाऊजींनी खिशातून सिगारेटच्या चांदीच्या कागदाची पुडी काढली. आत नागपूरहून आणलेल्या मेमरीच्या चिपा होत्या, पाय वर केलेल्या झुरळांसारख्या.

"वहिनी, आता एक मेगाबाईट हाय, चार करून देतो. स्पीडबी वाढवतो. अर्ध्या घंट्याचं काम."

मी सांगितलं की उशीर कॉम्प्युटरला नाही, प्रिंटरला लागतो; एका निकालाला तीन मिनिटं तो करकरतो. आणि सहा विषयांचे गुण लक्षात ठेवायला एक मेगाबाईट पुष्कळ झाला. त्यावर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी भट्टीत लोखंड कशाला वितळवता असं विचारलं होतं. उद्या करा म्हटलं तर भाऊजी उद्यापासून रजेवर.

प्लांटची माणसं कोणत्याही मशीनला नुसता हात लावत नाहीत. आधी शटडाऊन, मग परमिट, मग वीज सगळीकडून तोडणं. यांनी खरोखरच माझ्या एका कागदाच्या पाठीवर लिहिलं: यंत्र: कॉम्प्युटर; काम: कॅपिटल रिपेअर, म्हणजे यंत्र पूर्ण खोलून करायची मोठी दुरुस्ती. खाली दोघांच्या सह्या. मग घराचा मेन स्विच बंद करून फ्यूज काढला आणि तो भाऊजींच्या खिशात गेला, म्हणजे मध्येच कोणी चालू करायला नको. एप्रिलच्या उन्हात कूलर थांबला. त्याबद्दल परमिटमध्ये काही नव्हतं.

डबा उघडल्यावर भाऊजींना आत वायरनं जोडलेली चार सेलांची डबी दिसली.

"हे पाहा, हा करंट राहूनच गेला होता. अशानंच अपघात होते." त्यांनी ती उपटली. यांनी मान डोलावली. मला ती चटदिशी उपटलेली आवडली नाही, पण परमिटवर माझी सही नव्हती.

चिपा बसल्या. एकीचा पाय वाकला, तो माझ्या भुवयांच्या चिमट्यानं सरळ झाला. वेगासाठी भाऊजींनी समोरच्या, वेगाचा आकडा दाखवणाऱ्या छोट्या खिडकीमागच्या पिना इकडच्या तिकडे केल्या. सोळा दिसायचा तिथे आता वीस दिसणार होता. वेग वाढणार की नुसता आकडा, मी विचारलं.

"वहिनी, आकडा वाढल्याशिवाय स्पीड कसा वाढंन?"

सेलांची डबी जोडली, फ्यूज परत बसला, परमिट सहीनिशी बंद झालं, पडद्यावर मेमरी मोजत मोजत चारपर्यंत पोचली. दोघांनी हात मिळवले. खाली ओळ आली की डिस्क सापडत नाही.

यांचा पहिला प्रश्न प्लांटमधलाच. "तू सकाळी काही दाबलं होतंस का?"

तासभर माहितीपुस्तक वाचून कळलं ते असं: आपल्यात कोणत्या जातीची डिस्क आहे हे मशीन त्या चार सेलांच्या जोरावर लक्षात ठेवतं. सेल काढले, विसरलं. सत्तेचाळीस जातींपैकी आपली कोणती, तो नंबर पुन्हा सांगावा लागतो. तो फक्त विकणाऱ्याला ठाऊक, आणि विकणारा लग्नाला गेलेला. एकेक नंबर टाकून पाहू, मी म्हटलं.

"अंदाजानं नाही टाकत वहिनी. तशी प्रोसिजर नाही. सोमवारी जॉइंट इन्स्पेक्शन करून घ्या."

"मग उद्या नऊ वाजता मी बाईंना काय दाखवू? परमिट?"

भाऊजी दुपारच्या बी शिफ्टला निघून गेले. यांनी कीबोर्डवर 'चौकशी चालू, हात लावू नये' अशी चिठ्ठी ठेवली आणि झोपेपर्यंत कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीतच पेपर वाचला.

दुसऱ्या दिवशी यांची ए शिफ्ट. सव्वापाचला स्कूटर फाटकाबाहेर पडली आणि मी चिठ्ठी उचलून एक नंबर टाकला. नाही. मग दोन, मग तीन. दर वेळी मशीन आधी सगळी मेमरी मोजायचं, आणि आता चौपट असल्यानं चौपट वेळ. बाराव्या नंबराला डिस्क गुरगुरली आणि नववी ब पडद्यावर आली. आधी सगळे गुण फ्लॉपीवर घेतले. मग अडतीस निकाल, तीन-तीन मिनिटांनी, पूर्वीच्याच वेगानं. पावणेआठला शेवटचा निघाला. कागदांच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडल्या, आंघोळ केली, लुना काढली आणि नवाला दहा कमी असताना चव्वेचाळीस निकाल मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवले.