मॅच सोडून गेलेला गोलकीपर

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तरुण मुलांना भास व्हायला लागल्यापासून उपचारांपर्यंत पोचायला किती काळ जातो, याची आम्ही कोल्हापुरातल्या एका मानसोपचार केंद्रात पाहणी करत होतो; मी तिथे समुपदेशक होते. बहुतेक जण वर्षानुवर्षांनी यायचे. मलकापूरकडची एक मुलगी कॉलेज सोडून घरात बसली होती, भिंतीकडे तोंड करून. 'लाजाळू हाय' असं म्हणत घरच्यांनी सहा वर्षं काढली होती.

हा मुलगा मात्र महिन्याच्या आत आला, कारण त्याचा आजार भर मैदानात उघडा पडला होता. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात; शिवाजी पेठेतल्या अशाच एका संघाचा तो गोलकीपर. चालू मॅचमध्ये गोल सोडून तो सरळ प्रेक्षकांत गेला आणि "माझ्या आईला कोण शिव्या देतंय?" म्हणून एकेकाला विचारत सुटला. मागे गोल झाला, संघ हरला. पेठेत त्याच्याशी बोलणं बंद झालं.

त्याला घेऊन आई आणि संघाचा कॅप्टन आले. कॅप्टन लेथवर काम करणारा, बोलायला रोखठोक.

"लोक म्हणत्यात ह्यानं मॅच विकली. ह्यो विकणारा न्हाय, मॅडम. कायतरी बिनसलंय."

मुलगा फरशीकडे बघत होता. हळूच म्हणाला, "आत्ता पण बोलायलेत. तुमास्नी ऐकू येत न्हाय?"

"मला नाही येत. पण तुला येतंय, यावर माझा विश्वास आहे."

तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. मी दर आठवड्याला त्याच्याशी बोलायची. आवाज कधी कमी होतात, असं एकदा विचारलं.

"खेळायचो तवा, मागनं बॅकना वरडून सांगताना. डावीकडं सरक, मॅन धर, आसं."

मी कॅप्टनला गाठलं. सरावाला त्याला नुसतं गोलमागे उभं राहून बॅकना ओरडून सांगू द्या, म्हटलं. पहिल्या दिवशी कुणी त्याच्याकडे बघेना. मग फॉरवर्डला खेळणारा कॅप्टन स्वतः बॅकच्या जागी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सांग की, कुठं सरकू?" हे मला त्याच्या आईने सांगितलं. सांगताना तिला रडू आवरेना.

तो पुन्हा स्पर्धेत खेळला नाही. गोळ्यांनी हात मंदावले होते. त्याचं त्याला फार लागलं. पुढे कॅप्टनने तो स्वतः काम करायचा त्या कारखान्यात त्याला लावून घेतलं. मुलाचं लग्न झालं. संध्याकाळी तो लहान गोलकीपरांना शिकवू लागला.

त्यानंतर मी तालमी-तालमींत जाऊन बोलू लागले. पोरगं एकटं पडलं, झोपेनासं झालं, तर थांबू नका, एवढंच सांगायची. ती मॅच बघितलेले लोक निमूट ऐकायचे.

काही वर्षांनी तो बायकोला घेऊन आपणहून आला. "गोळ्या मीच सोडल्या. परवापास्नं आवाज यायलेत परत." डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. महिनाभरात तो कामावर गेला.