पहिली कोणाला दिली?

वाळुंज बाई गेल्याची बातमी आली ती शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि तीही दोन आदेशांच्या मध्ये. वर ‘माहिती तात्काळ भरावी’, खाली ‘न भरल्यास कारण कळवावे’, आणि मध्ये बाईंचा फोटो. त्यावर धडाधड हात जोडलेली चित्रं. एकानं तर चुकून अंगठा दाखवला. मढ गावाच्या वरच्या अंगाला आमची शाळा. व्हरांड्याच्या ज्या कोपऱ्यात जेमतेम रेंज येते तिथं मी उभा होतो. खरं सांगतो, रडू यायच्या आधी राग आला. ग्रुपचा आला, बाईंचाही आला. एवढी घाई कसली होती? आमचं भांडण अजून मिटायचं होतं...

भांडण पहिलीच्या वर्गाचं. आमच्याकडे रीत अशी की नावाजलेल्या शिक्षकानं पाचवी घ्यायची, पोरं शिष्यवृत्तीत चमकवायची, आणि पहिली नव्यानं आलेल्याच्या गळ्यात मारायची. मी पाचवीवाला. पोरांबरोबर माझाही फोटो स्टँडवरच्या फ्लेक्सवर झळकायचा. बाई घोडेगावहून मुख्याध्यापिका म्हणून आल्या आणि पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, पहिली तुम्ही घ्या. मला वाटलं, चेष्टा करतायत. गावातली चार माणसं तावातावानं शाळेत आली. त्यांना बाईंनी चहा पाजला आणि निर्णय तोच ठेवला. मला म्हणाल्या, “पाचवीतली चमकतील हो. पहिलीतच मागं सुटतात त्यांना कोण बघणार?” असलं काही त्या इतक्या शांतपणे बोलत की माणसाला धड भांडताही येत नसे.

मग मी, चाळिशी उलटलेला माणूस, हातवारे करून बडबडगीतं म्हणू लागलो. तेवढ्यानं भागलं नाही. बाई एक बुटकं लाकडी स्टूल घेऊन रोज वर्गात येऊन बसायच्या, कोपऱ्यातल्या रखमा नावाच्या पोरीशेजारी. ही रखमा तोंडच उघडत नसे. तास संपला की बाई व्हरांड्यात गाठायच्या. शिकवणं छान झालं म्हणायच्या, आणि लगेच पुढं, रखमा काय शिकली? रोज तेच. एकदा मी वैतागून म्हणालो, एका पोरीसाठी सगळा वर्ग थांबवू का? तर त्या म्हणाल्या, थांबवू नका, पण तिला काय येतं ते तरी विचारा. विचारलं. बरेच दिवस काही नाही. मग एकदा तिनं घरच्या शेळ्यांची नावं सांगितली, एका दमात, सगळी. दुसऱ्या दिवशी फळ्यावर धड्याऐवजी शेळ्या लिहिल्या. ‘ढवळी’ हा रखमानं वाचलेला पहिला शब्द. मी आनंदानं बाईंकडे पाहिलं. शाबासकी द्यावी की नाही? त्यांनी स्टूल उचललं आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या गप्प पोरापाशी नेऊन ठेवलं. असा संताप झाला म्हणून सांगू...

पुढच्या वर्षी मी हट्टानं पाचवी परत मागून घेतली. बाईंनी ती दिली आणि पहिली स्वतःकडे घेतली. ऑफिसातला फोन वाजत राही, माहित्या थकत, वरून बोलणी बसत, आणि मुख्याध्यापिका पहिलीत बसून माती मळत असत. फोन घ्यायला मला पाचवी सोडून धावावं लागे. मी चिडचिड करायचो आणि त्या हसायच्या.

या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या आणि शाळेचा चार्ज माझ्याकडे आला. पेढे घेऊन घोडेगावला गेलो. बाई फार थकलेल्या, आवाज बसलेला. अभिनंदन वगैरे राहिलंच, पेढा मोडता मोडता विचारलं, “पहिली कोणाला दिली?” नवीन मुलगा आलाय शिक्षक म्हणून, सध्या त्याला, असं मी म्हणालो. त्यांनी अर्धा पेढा खाल्ला आणि उरलेला अर्धा खोक्यात परत ठेवला. त्यापेक्षा चार शब्द बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

नंतर शोकसभा झाली. वक्त्यांनी बाईंची बाग काढली, रंगवलेल्या भिंती काढल्या, वेळेवर येणं काढलं. पहिलीबद्दल एक अवाक्षर नाही. मी दातओठ खात बसलो. आणि दुसऱ्या दिवशी वेळापत्रक बदललं. पाचवीचे पालक माझ्याशी अजून धड बोलत नाहीत, आणि नव्या मुलाला बिचाऱ्याला पाचवी जड जाते. शोकसभेत खुर्च्या कमी पडल्या म्हणून बाईंचं स्टूलही कुणीतरी मांडवात नेलं होतं, ते शोधून आणलं. त्यावर बसलं की माझे गुडघे ठणकतात. बाईंना आठवण म्हणून एवढंच मागं ठेवायला सुचावं!

परवा ते स्टूल फळ्याजवळ ठेवून बसलो होतो. पाण्याला निघालेली रखमा दारात थांबली. आता चौथीत आहे, वर्गात सगळ्यात जास्त तोंड तिचंच चालतं. स्टुलाकडे बघत म्हणाली, “गुर्जी, हितं न्हाई ठेवायचं. बाई न बोलणाऱ्या पोराजवळ बसायच्या.”

मुख्याध्यापक मी आहे. स्टूल उचललं आणि मुकाट्यानं कोपऱ्यात गेलो.