हे हत्तीपाय नव्हेत

"हा हत्तीरोग नाही," अलिबागच्या डॉक्टरीणबाई माझं पाऊल हातात धरून म्हणाल्या. मी चटकन पाय मागे ओढला. कित्येक वर्षांत माझ्या पायाला दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता.

काशीदला आमची खानावळ आहे, मी आणि माझी मोठी जाऊ चालवतो. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझे पाय कमरेपासून घोट्यापर्यंत जाड होत गेले. दुखायचे, जरा लागलं की काळेनिळे पडायचे. आमच्या किनाऱ्यावर असा पाय दिसला की लोकांच्या तोंडी एकच नाव, हत्तीरोग! रक्त तपासलं, काही निघालं नाही. तरी जाऊ म्हणाली, "गिऱ्हाइकं बघतात गो. तू भायेर येऊ नको." माझ्या हातचं कालवण सगळ्यांना चालायचं, पाय तेवढे नकोत.

मग पाय बारीक व्हावेत म्हणून मी जेवण तोडलं. दिवसभर दुसऱ्यांसाठी भाकऱ्या थापायच्या आणि आपण कोरा चहा प्यायचा. गालफडं बसली, गळ्याची हाडं वर आली, ब्लाउज ढगळ झाले. पाय मात्र जसेच्या तसे. शेवटी चुलीपाशीच चक्कर येऊन पडले, म्हणून अलिबाग गाठलं.

बाई नाही म्हणाल्या होत्या, तरी सोनोग्राफीच्या बाकावर बसून देवाला म्हणत होते, हत्तीरोगच निघू दे बाबा, निदान त्याला गोळ्या तरी आहेत.

रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या, "याला लायपेडीमा म्हणतात. म्हणजे कमरेखालची चरबी भलतीच वाढते. हत्तीरोगात पाऊलही सुजतं, तुमची जाडी पैंजणाच्या जागी थांबलीय. आणि अंगातली सगळी चरबी एकसारखी नसते. उपाशी राहिलात की शरीर गालाची, छातीची काढून घेतं. ही जागची हलत नाही."

"मग जाणार कधी?"

"पूर्ण जाणार नाही. घट्ट मोजे घाला, पाण्यात चाला. आणि जेवा."

मी तिथेच रडले. एवढं पोट मारलं, सगळं फुकट. तुमच्यापैकी कुणी असंच उपाशी राहत असेल, तर बायांनो, आधी डॉक्टरला पाय दाखवा.

घरी येऊन जावेला समजावलं. ती म्हणाली, "व्हय, पण परत्येक गिऱ्हाइकाला ह्ये सांगत बसणार हाय का तू?"

रविवारी मोजे चढवले आणि भाकऱ्या घेऊन मीच बाहेर गेले. एका बाईने माझ्या पायांकडे बघून लेकराला जवळ ओढलं. तरी तिच्या ताटात भाकरी वाढली. आत आले, माझं ताट वाढून घेतलं आणि रडत रडत पोटभर जेवले.